प्लिमसोलकृत ‘अवर सीमेन’ : एक प्रमाणपरीक्षा

या त्रैमासिकाच्या पानांवर जुनीं पत्रें, सनदा, महजर, करीने व बखरी यांचीं परीक्षणें नेहमीं येत असतात. त्यांच्या पंक्तीस सन १८७३ मध्यें लंडन येथें छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकाचें परीक्षण आलेलें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटांतील डर्बी शहराचे प्रतिनिधि सॅम्युएल प्लिमसोल यांनीं लिहिलेलें ‘अवर सीमेन’, म्हणजे ‘आमचे खलाशी’, हें तें पुस्तक होय. व्यापारी जहाजाच्या बाजूवर मध्यभागीं एक वर्तुळ व त्यांतून आरपार गेलेली एक आडवी रेघ रंगविलेली असते. जहाज त्या रेघेच्या खालीं बुडेल इतका माल भरूं नये, असा तिचा अर्थ. तिला जगभर ‘प्लिमसोलची रेघ’ म्हणतात, आणि या रेघेचें मूळ म्हणून प्रस्तुत पुस्तकाकडे बोट दाखविलें जातें.

हा मान पुस्तकास कितपत शोभतो, हें ठरविण्यापूर्वीं तें एक कागद म्हणून तपासलें पाहिजे. तशी तपासणी करण्यास आम्हांस एक खासगी कारणहि आहे. शाळेंत इंग्लंडचा इतिहास शिकवितांना आम्ही तीस वर्षें मुलांस असें सांगत आलों कीं, प्लिमसोल यांनीं पुस्तक लिहिलें, पार्लमेंटांत मूठ आवळून गर्जना केली, त्यामुळें १८७६ चा कायदा झाला आणि त्या रेघेनें खलाशांचे प्राण वांचले. ही हकीकत आम्हीं एका शालोपयोगी पुस्तकावरून उचलली होती. मूळ पाहिलें नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर तें एका स्नेह्यांच्या संग्रहांतून हातीं आलें. त्यासमवेत पार्लमेंटचीं कामें व कायदे पाहतां असें दिसून आलें कीं, आमच्या हकीकतींतील घटना बहुतेक खऱ्या होत्या, परंतु त्यांच्यामध्यें आम्ही जो कार्यकारणभाव लावीत होतों तो खरा नव्हता.

प्रथम ग्रंथकाराविषयीं. प्लिमसोल यांचा जन्म १८२४ सालीं ब्रिस्टल येथें झाला. शेफील्ड येथील एका मद्याच्या कारखान्यांत ते प्रथम कारकून व पुढें व्यवस्थापक होते. १८५३ च्या सुमारास त्यांनीं लंडनांत कोळशाचा व्यापार मांडला, तो बसला, आणि कांहीं काळ आठवड्यास आठ शिलिंगांहूनहि कमी खर्चांत मजुरांच्या सामायिक बिऱ्हाडांत त्यांस दिवस काढावे लागले. मागाहून त्याच व्यापारांत त्यांस बरकत आली. १८६८ सालीं लिबरल पक्षाकडून ते डर्बीहून निवडून आले आणि १८८० पर्यंत ती जागा त्यांच्याकडे होती. ते स्वतः खलाशी नव्हते व जहाजमालकहि नव्हते. गरिबांच्या शेजारीं राहून आलेली कळकळ त्यांच्यापाशीं होती. समुद्राचें ज्ञान मात्र त्यांस दुसऱ्यांकडून घ्यावें लागलें. पुस्तकाचे गुण व दोष दोन्ही येथूनच निघतात.

त्या काळची स्थिति अशी होती. उतारूंच्या आगबोटींची तपासणी बोर्ड ऑफ ट्रेड हें सरकारी खातें करीत असे. परंतु केवळ मालाच्या जहाजावर तसें बंधन नव्हतें. किती माल भरावा, हें मालकाच्या मर्जीवर. जहाज कुजकें आहे किंवा फार भरलें आहे, हें करारावर सही केल्यानंतर खलाशाच्या ध्यानांत आलें आणि त्यानें जाण्याचें नाकारलें, तर त्यास कित्येक आठवड्यांची कैद होत असे. न्यायाधीशापुढें जहाजाची स्थिति सिद्ध करण्याचें ओझें त्या निर्धन माणसावर पडे. १८७१ च्या कायद्यानें समुद्रांत जाण्यास नालायक जहाज धाडणें हा गुन्हा ठरविला, व जहाजाच्या पुढील आणि मागील टोंकांस तें किती फूट पाण्यांत आहे हें दाखविणारे आंकडे घालावयास लावले. परंतु किती फुटांपर्यंत बुडालेलें चालेल, हें कोणीं सांगितलें नाहीं.

भाररेषेची कल्पना मात्र नवी नव्हती. मध्ययुगांत व्हेनिस व जिनोआ या व्यापारी नगरराज्यांत जहाजें किती भरावीं याचे निर्बंध असत. इंग्लंडांतहि लॉइड्स रजिस्टर या जहाजांची प्रतवारी लावणाऱ्या संस्थेचा १८३५ पासूनचा एक ठोकताळा होता, तो असा कीं, मालाच्या कोठाराची जितके फूट खोली, तितके वेळां तीन तीन इंच कड पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पाण्यावर उरणाऱ्या या कडेस जहाजाच्या धंद्यांत ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात, व पुढें आम्ही हाच शब्द वापरणार आहों. प्लिमसोल यांनीं हा प्रश्न हातीं घेण्यापूर्वीं न्यूकॅसलकडील जेम्स हॉल या जहाजमालकानें जादा भरतीविरुद्ध व सक्तीच्या तपासणीसाठीं चळवळ चालविली होती, आणि प्लिमसोल यांस या विषयाची दीक्षा हॉलच्याच लिखाणावरून मिळाली. हॉल धंद्यांतला माणूस. त्याचें म्हणणें मोजकें व धंद्याच्या माहितीवर उभें होतें. परंतु आज रेघेस हॉलचें नांव नाहीं. याचें कारण पुढें पाहूं.

आतां पुस्तकाकडे वळूं. त्याची मांडणी ग्रंथासारखी नाहीं. शेजारीं बसलेल्या एका माणसाशीं बोलावें तसें आपण लिहीत आहों, असें ग्रंथकार आरंभींच सांगतात. जहाजें बुडण्याचीं कारणें ते एकामागून एक घेतात : अपुरे खलाशी, मालाची वाईट रचना, डेकवर भरलेला माल, कमजोर एंजिन, प्रमाणाबाहेर विमा, सदोष बांधणी, जुनें जहाज मध्यें कापून लांब करणें, जादा भरती आणि दुरुस्तीची हयगय. या यादीविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु प्रत्येक कारणाच्या पुष्टीस जें दिलें आहे तें एका जातीचें नाहीं. आमच्या शास्त्रांत प्रमाणांचे भेद करण्याची जी पद्धति आहे, ती येथें लावून पाहिली असतां पुस्तकाचे तीन निरनिराळे थर सुटे होतात.

पहिला थर प्रत्यक्षाचा. विम्याच्या कागदाची हुबेहुब प्रतिकृति, सरकारी नोंदींवरून काढलेला फुटलेल्या जहाजांचा नकाशा, अशा गोष्टी ग्रंथकारांनीं पुस्तकांत छापल्या आहेत. १८७३ सालीं एका पार्लमेंटच्या सभासदानें लोकांपुढें आपल्या मताबरोबर मूळ कागदहि ठेवावा, ही गोष्ट या मंडळींतील कोणाहि संग्राहकास आदरणीय वाटेल. विम्याच्या कागदावरून त्यांनीं काढलेला मुद्दा तर पुस्तकांतील सर्वांत भक्कम आहे. एकाच जहाजाची जोखीम अनेक जणांनीं थोडी थोडी वांटून घेतलेली असते. जहाज संशयास्पद रीतीनें बुडालें, तरी प्रत्येकाचा तोटा इतका लहान असतो कीं, मालकाविरुद्ध न्यायालयांत जाण्याचा खर्च त्याहून मोठा पडावा. शिवाय जो तक्रार करील त्याच्याकडे पुन्हा कोणी विमा उतरावयास येणार नाहीं. अशा रीतीनें ज्यांच्या पैशाला धक्का बसतो तेच गप्प बसतात, आणि जहाजाच्या खऱ्या किमतीहून अधिक विमा घेतलेल्या मालकास जहाज बुडाल्यानें नफा होतो. येथें कोणाच्या दुष्टपणाचें गृहीत धरावें लागत नाहीं. कागदावरील सह्या मोजल्या कीं पुरे.

दुसरा थर शब्दप्रमाणाचा, म्हणजे ऐकीव माहितीचा. अमुक बंदरांत एका जाणत्यानें असें सांगितलें, अमुक मालकाचीं इतकीं जहाजें बुडालीं असें बोलतात, अमुक ठिकाणीं लांकडांत खरे बोल्ट न ठोकतां नुसतीं टोपणें बसविलीं होतीं, अशा गोष्टी पुस्तकांत विपुल आहेत. त्यांपैकीं कित्येक खऱ्या असतील. खोट्या बोल्टांची लबाडी त्या काळीं धंद्यांत ठाऊक होती, आणि खलाशी तिला ‘सैतान’ म्हणत. परंतु शब्द प्रमाण व्हावयास सांगणारा आप्त असावा लागतो, म्हणजे त्यानें स्वतः पाहिलेलें असावें व खोटें बोलण्याचें त्यास कारण नसावें. ज्याचें नांवच दिलेलें नाहीं त्याची आप्तता वाचकानें कशी जोखावी? नांव न देण्याचें कारण उघड आहे. बोलणाऱ्याची भाकरी त्याच मालकांच्या हातीं होती. तें कारण आम्हांस मान्य आहे, परंतु त्यामुळें साक्ष बळकट होत नाहीं.

तिसरा थर अनुमानाचा, आणि पुस्तक येथें सर्वांत दुबळें आहे. बुडण्यानें मालकास नफा होऊं शकतो, या सिद्ध गोष्टीवरून अमुक मालकानें जहाज बुडावें म्हणूनच धाडलें, या गोष्टीवर ग्रंथकार वारंवार उडी घेतात. नफा होऊं शकणें आणि हेतु असणें यांच्यांत व्याप्ति नाहीं. हयगय, कंजूषपणा, अज्ञान आणि वादळ यांपैकीं कशानेंहि तोच परिणाम घडतो. पुस्तकांत कांहीं व्यक्ति ओळखूं येतील अशा खुणांनीं दाखविल्या होत्या, व त्यांत कॉमन्स सभेचे सभासदहि होते. १८७३ च्या फेब्रुवारींत हा सभेच्या हक्काचा भंग आहे अशी तक्रार झाली, व प्लिमसोल यांस सभेची क्षमा मागावी लागली. हल शहराचे प्रतिनिधि नॉरवुड यांनीं तर न्यायालय गांठलें. अब्रूच्या या खटल्यांत ग्रंथकारांचा पुष्कळ पैसा व वेळ खर्च झाला.

इतकें असूनहि पुस्तकाचा परिणाम मोठा झाला. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्यासारखे परोपकारी गृहस्थ चळवळीच्या अग्रभागीं आले, ठिकठिकाणीं सभा भरल्या, आणि पुस्तकाची जी मुख्य मागणी होती ती मान्य होऊन त्याच वर्षीं ड्यूक ऑफ सॉमरसेट यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. हे ड्यूक पूर्वीं आरमार खात्याचे मुख्य मंत्री होते.

कमिशनचा १८७४ चा निर्णय सक्तीच्या भाररेषेविरुद्ध गेला. चरित्रकार बहुधा या निर्णयाची थट्टा करून पुढें जातात. परंतु पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धान्त करूं नये, असें आम्हीं गुरुजनांपासून शिकलों. पूर्वपक्ष असा. सर्व जहाजांचा आकार व घडण सारखी नाहीं. तेव्हां सर्वांस लागू पडेल असा एक नियम सांगतां येत नाहीं. दुसरें असें कीं, सरकारनें रेघ आंखून दिली तर जहाज सुरक्षित राखण्याची जबाबदारी मालकाच्या डोक्यावरून सरकारच्या डोक्यावर येईल, आणि रेघेपर्यंत भरून धाडलेलें कुजकें जहाजहि कायदेशीर ठरेल. बोर्ड ऑफ ट्रेडचे मुख्य अधिकारी फॅरर यांचा भर या दुसऱ्या मुद्द्यावर होता. यांपैकीं पहिला आक्षेप त्या काळच्या ज्ञानाच्या मानानें खरा होता. १८३५ चा ठोकताळा केवळ कोठाराची खोली पाहत असे. जहाजाची लांबी, आकार व वरील बांधकाम तो पाहत नसे. दुसरा आक्षेपहि पोकळ नाहीं. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षांत. एक नियम पुरेसा नाहीं म्हणून कोणताच नियम नको, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. चांगला नियम शोधला पाहिजे, इतकेंच सिद्ध होतें. उतारूंच्या आगबोटी सरकार तपासीत होतें, म्हणून त्यांच्या मालकांची जबाबदारी संपली, असें कोणी म्हटलें नव्हतें.

परंतु या उत्तराऐवजीं वाद कोणत्या दिशेनें गेला पाहा. जहाजमालकांच्या कैवाऱ्यांनीं पुस्तकाच्या पहिल्या थरास फारसा हात लावला नाहीं. त्यांनीं तिसरा थर धरला. आम्ही खुनी आहों काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर प्रमाणानें देतां येण्यासारखें नव्हतें. १८७४ च्या जूनमध्यें प्लिमसोल यांचें बिल अवघ्या तीन मतांनीं पडलें. हीं तीन मतें हेतूच्या आरोपामुळें गेलीं, असें सिद्ध करण्यास आमच्यापाशीं साधन नाहीं, म्हणून तसें आम्ही म्हणत नाहीं. इतकें मात्र दिसतें कीं, जें सिद्ध होण्यासारखें होतें तें मागें राहिलें, व जें सिद्ध होण्यासारखें नव्हतें त्यावर दोन्ही पक्षांची शक्ति खर्च झाली.

पुढील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. १८७५ सालीं सरकारनेंच व्यापारी जहाजांविषयीं एक बिल आणलें होतें. २२ जुलै रोजीं मुख्य प्रधान डिझरायली यांनीं शेतजमिनीच्या बिलास वेळ मिळावा म्हणून तें त्या वर्षापुरतें सोडून देत असल्याचें जाहीर केलें. प्लिमसोल उठले, प्लिमथचे सभासद बेट्स यांच्या कांहीं बुडालेल्या जहाजांविषयीं आपण प्रश्न विचारणार असल्याचें त्यांनीं सांगितलें, आणि खलाशांस मृत्यूच्या तोंडीं देणाऱ्यांस ‘दुष्ट’ म्हणून संबोधिलें. सभापति ब्रँड यांनीं शब्द मागें घ्यावयास सांगितलें असतां त्यांनीं नाकारलें. त्यांचा ठपका एक आठवडा लांबणीवर टाकण्यात आला, व २९ जुलै रोजीं त्यांनीं सभेची क्षमा मागितली.

या प्रसंगाच्या साधनांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. चरित्रांतून हें भाषण अवतरणचिन्हांत दिलेलें आढळतें, व आधार म्हणून पार्लमेंटच्या वादविवादांचा हॅन्सर्ड नामक संग्रह दाखविण्यांत येतो. परंतु सभेचा सरकारी शब्दशः वृत्तांत घेण्याची व्यवस्था १९०९ पासूनची आहे. त्यापूर्वींचा हॅन्सर्ड बऱ्याच अंशीं वर्तमानपत्रांतील वृत्तांतांवरून जुळविलेला असे. ज्या दिवशीं सभेंत गलका चालला होता, त्या दिवसाचे शब्द असे जुळविलेले असतां ते अक्षरशः वक्त्याचेच आहेत, असें धरून चालतां येत नाहीं. मुख्य घटनेविषयीं शंका नाहीं; ती क्षमापनेनेंच सिद्ध होते. मूठ कशी आवळली व पाय कसा आपटला, या तपशिलास मात्र बखरीपेक्षां अधिक मोल देऊं नये. तसेंच बेट्स यांचें. मुंबई व हिंदुस्थानशीं व्यापार करून हे गृहस्थ मोठे झाले होते, म्हणून आमच्याकडील वाचकांस त्यांच्याविषयीं अधिक कुतूहल वाटेल. त्यांचीं जहाजें बुडालीं हें खरें. पण बुडण्याच्या संख्येवरून हेतु सिद्ध होत नाहीं, हें वर आलेंच आहे, आणि सभेंत उच्चारल्यानें दुबळें अनुमान सबळ होत नाहीं.

लोकक्षोभ मात्र प्रचंड झाला. सरकारला त्याच अधिवेशनांत घाईनें एक तात्पुरता कायदा करावा लागला. लोकांचा क्षोभ हाच सत्याचा पुरावा, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो, आणि वर्गांत आम्हींहि तो काढीत असूं. या मोहावर उतारा म्हणून त्यापूर्वींची एक आरमारी घटना वाचकांनीं शेजारीं ठेवावी. कॅप्टन कोल्स या अधिकाऱ्यानें फिरत्या बुरुजांवर तोफा असलेल्या युद्धनौकेची कल्पना काढली होती. आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांचा त्याच्या नौकेच्या कमी फ्रीबोर्डास विरोध होता. तरी वर्तमानपत्रें व पार्लमेंट यांच्या आग्रहामुळें ती नौका बांधली गेली. तिचें नांव ‘कॅप्टन’. नकाशांत आठ फूट धरलेला फ्रीबोर्ड प्रत्यक्षांत साडेसहा फूटच राहिला. १८७० च्या सप्टेंबरांत स्पेनच्या किनाऱ्यापाशीं ती रात्रीं उलटली व सुमारें पावणेपांचशें माणसें बुडालीं. त्यांत कोल्सहि होता. लष्करी न्यायसभेनें आपल्या निर्णयांत नमूद केलें कीं, ही नौका आरमाराच्या जाणत्या खात्याच्या मताविरुद्ध, लोकमताला मान देऊन बांधण्यांत आली होती. पांच वर्षांच्या अंतरानें घडलेल्या या दोन्ही गोष्टींत प्रश्न एकच, पाण्यावर किती कड उरावी हा. एकदां लोकमत चुकलें व एकदां बरोबर ठरलें. आवाज दोन्ही वेळां मोठाच होता. तेव्हां बरोबर कोण, हें आवाजावरून ठरत नाहीं.

आतां १८७६ च्या कायद्याकडे येऊं, कारण आमची तीस वर्षांची चूक येथें आहे. या कायद्यानें जहाजाच्या दोन्ही बाजूंस बारा इंच व्यासाचें वर्तुळ व त्याच्या मध्यांतून जाणारी अठरा इंच लांबीची आडवी रेघ रंगविणें सक्तीचें केलें. पण ती कोठें रंगवावी, हें मालकाच्या इच्छेवर ठेविलें. खूण होती, तिची जागा ठरलेली नव्हती. एका कप्तानानें उपहासानें ती आगबोटीच्या धुराड्यावर रंगविली, अशी एक कथा इंग्रजी पुस्तकांतून फिरते. तिला समकालीन कागदाचा आधार आमच्या पाहण्यांत नसल्यामुळें आम्ही ती कथा म्हणूनच देतों. तथापि कायद्याच्या शब्दांवरून अशी कथा निघूं शकते, हेंच त्या कायद्याविषयीं पुरेसें बोलकें आहे. ही स्थिति चौदा वर्षें टिकली.

त्या चौदा वर्षांत काम केलें तें शांतपणें बसून आंकडेमोड करणाऱ्या माणसांनीं. लॉइड्स रजिस्टरचे मुख्य तपासनीस बेंजामिन मार्टेल यांनीं जहाजाची लांबी, खोली, आकार व घडण यांचा मेळ घालून फ्रीबोर्डचीं कोष्टकें तयार केलीं, व तीं १८८२ सालीं प्रसिद्ध झालीं. कमिशनच्या पहिल्या आक्षेपास खरें उत्तर हें होतें. पुढें या कोष्टकांच्या विचारासाठीं सरकारी समिति बसली, तिचे अध्यक्ष ‘कॅप्टन’ नौकेस विरोध करणारे तेच एडवर्ड रीड होते. अखेर १८९० च्या कायद्यानें कोष्टकाप्रमाणें रेघेची जागा ठरवून देणें सक्तीचें झालें. प्लिमसोल यांनीं त्यापूर्वीं दहा वर्षें, सर विल्यम हारकोर्ट यांस जागा मोकळी करून देण्यासाठीं, पार्लमेंट सोडलें होतें. १९०६ सालीं ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांवरहि ही सक्ति आली, आणि १९३० व १९६६ च्या करारांनीं ती आंतरराष्ट्रीय झाली.

या कोष्टकांतून निघालेली एक खूण आमच्या समुद्राचीहि होती. वर्तुळाच्या शेजारीं ऋतु व पाणी यांप्रमाणें लहान रेघा काढीत, त्यांपैकीं एकीवर ‘आय. एस.’, म्हणजे ‘इंडियन समर’, अशीं अक्षरें असत. हिंदी महासागरांत पावसाळ्याबाहेरच्या चांगल्या हवेंत जहाज किती भरावें, हें ती सांगे. रत्नागिरीकडील ज्या खलाशांनीं विलायती आगबोटींवर नोकऱ्या केल्या, त्यांच्या जिवाची मर्यादा ही रेघ आंखीत होती. १९३० च्या करारानंतर तिची जागा ‘टी’ या उष्ण कटिबंधाच्या खुणेनें घेतली. आज भारतीय जहाजावर वर्तुळाच्या दोहों बाजूंस ‘आय’ व ‘आर’ हीं अक्षरें दिसलीं, तर रेघ १९७५ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या संस्थेनें ठरवून दिली आहे, असें समजावें.

मग पुस्तकाच्या पहिल्या थराचें, म्हणजे विम्याच्या कागदाचें काय झालें? हा मुद्दा पुस्तकांत सर्वांत चांगला सिद्ध झाला होता, आणि त्यालाच सर्वांत कमी फळ आलें. बोर्ड ऑफ ट्रेडचे मंत्री जोसेफ चेंबरलेन यांनीं १८८४ सालीं जादा विम्यास आळा घालणारें बिल आणलें, तें मालकांच्या विरोधामुळें मागें घ्यावें लागलें. रेघ डोळ्यांस दिसते, मुलांस फळ्यावर काढून दाखवितां येते. विम्याचा हिशेब तसा दाखवितां येत नाहीं. लोकांनीं पुस्तकांतून जें उचललें तें सोपें होतें म्हणून उचललें. आम्हीं वर्गांत तेंच केलें.

येथवर आम्हीं पुस्तकाचे दोष दाखविले. त्यावरून तें टाकाऊ आहे असा कोणी अर्थ घेतला, तर तो आमच्यावर अन्याय होईल. जेम्स हॉलचें स्मरण येथें पुन्हा करणें प्राप्त आहे. त्याचें म्हणणें अधिक नेमकें होतें, आरोप कमी होते, आणि त्याचें ऐकून देश जागा झाला नाहीं. प्लिमसोल यांचें पुस्तक सदोष होतें, आणि तें वाचून देश जागा झाला. कैदेंत पडणाऱ्या व बुडणाऱ्या माणसांच्या दृष्टीनें पाहतां ही गोष्ट लहान नाहीं, आणि संशोधकानें ती लपवूं नये. आम्हीं हा प्रश्न पुष्कळ दिवस मनांत घोळविला कीं, कळकळीच्या माणसानें प्रमाण पुरें होईपर्यंत गप्प बसावें काय? आमचें उत्तर असें : गप्प बसूं नये, परंतु जें पाहिलें, जें ऐकलें व जें ताडलें, त्या तिहींस एकाच शाईनें लिहूं नये. प्लिमसोल यांनीं विम्याचा कागद व नकाशा यांवर भर देऊन ऐकीव गोष्टी ऐकीव म्हणूनच दिल्या असत्या, व हेतूचा आरोप सोडून दिला असता, तर त्यांच्या प्रतिपक्षास धरावयास फारच थोडें उरतें. कळकळ त्यानें कमी झाली नसती.

हा भेद आमच्या संग्राहक बंधूंच्या रोजच्या कामाचा आहे. आमच्याकडील वतनाच्या तंट्यांचे करीने असेच असतात. एका पक्षानें आपली बाजू मांडतांना मूळ सनदेची नक्कल, वडिलांकडून ऐकलेली गोष्ट आणि भाऊबंदाच्या कपटाविषयींचा तर्क हीं एकाच ओघांत लिहिलेलीं असतात. पक्ष खरा असला म्हणजे आम्ही संबंध करीना खरा मानतों, आणि एक तर्क खोटा ठरला म्हणजे संबंध करीना फेंकून देतों. दोन्ही रीति चुकीच्या होत. नक्कल वेगळी काढावी, ऐकीव वेगळें काढावें, तर्क वेगळा काढावा, व प्रत्येकावर तशी चिठी लावावी. ‘अवर सीमेन’ची प्रत ज्यांच्या हातीं येईल त्यांनीं आधीं छापलेले कागद पाहावे, मग मजकूर वाचावा, व शेवटीं १८७६ आणि १८९० चे दोन्ही कायदे शेजारीं ठेवावे.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं या त्रैमासिकाचे वाचक आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं, वहींत १८७६ हें साल लिहिलें असेल तेथें ‘खूण ठरली’ असें लिहावें, व १८९० पुढें ‘खुणेची जागा ठरली’ असें लिहावें. प्लिमसोल यांच्या नांवाशेजारीं हॉल व मार्टेल हीं दोन नांवें घालावीं. ही दुरुस्ती आम्हीं शिकवीत असतांनाच करावयास हवी होती.